मार्को इनारोस: क्रांतिकारक म्हणायचा की नुसता भाषणबाज? (द एक्सपान्स, सगळे स्पॉयलर आहेत)

रात्रपाळीवाला

मंडळी, द एक्सपान्स ही अंतराळातली सिरीज एकदाची संपवली. पहिले तीन सीझन लॉकडाऊनमध्ये बघून सोडलेले, मग मध्यंतरी नाइट शिफ्ट लागली आणि सकाळी घरी येऊन झोप येईना म्हणून रोज दोन दोन एपिसोड करत सगळे ६२ उडवले. बाकी सिरीजबद्दल इथे भरपूर बोलून झालंय, मी जुने धागे वाचलेत, पण मला एका माणसाने डोक्यात घर केलंय आणि तो म्हणजे बेल्टमधला, म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यातला, बंडखोर पुढारी मार्को इनारोस.

झालं असं की कॅन्टीनमध्ये एका कलीगशी वाद झाला. तो म्हणतो मार्को सरळ सरळ व्हिलन आहे, केस चांगले आहेत एवढंच. मी म्हणतो की थांब, चौथ्या सीझनमध्ये अ‍ॅशफोर्ड आणि ड्रमर हे दोघे बेल्टरच त्याला पकडतात आणि ओपीएच्या, म्हणजे बेल्टर लोकांच्या संघटनेच्या, गटांचे पुढारी बसून ठरवतात की याला एअरलॉकमधून बाहेर फेकायचं का नाही, तेव्हा तो जे बोलतो त्यात चूक काय होतं? बेल्टच्या लोकांना पिढ्यानपिढ्या पृथ्वी आणि मंगळाने पिळलंय हे खरंच आहे ना? मी तर तेव्हा मनातल्या मनात त्याच्या बाजूने होतो, खोटं कशाला बोलू. आणि मग हाच माणूस पाचव्या सीझनमध्ये पृथ्वीवर अवकाशातून दगड टाकतो, लाखो माणसं मारतो आणि टीव्हीवर येऊन सांगतो की आता आपण स्वतंत्र झालो. आणि बेल्टमध्ये लोक नाचतात!!

प्रश्न असा की फ्रेड जॉन्सन होता, अँडरसन डॉज होता, एवढी जुनी जाणती माणसं सोडून लोक याच्यामागे का गेले? आणि पुस्तकात याचं काही जास्त उलगडून सांगितलंय का? मी पुस्तकं वाचलेली नाहीत.

बर्फाची_गाडी

चांगला प्रश्न. याचं उत्तर मार्कोमध्ये शोधू नको, रिंग गेटमध्ये, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांकडे नेणाऱ्या दारांमध्ये, शोध.

पहिल्या सीझनचा पहिला एपिसोड आठव. सेरेसवर, म्हणजे बेल्टमधल्या सगळ्यात मोठ्या गोळ्यावर, एक माणूस उभा राहून भाषण ठोकत असतो की इथे एकेकाळी बर्फच बर्फ होतं, हजार पिढ्यांना पुरलं असतं, ते पृथ्वी आणि मंगळवाल्यांनी खरवडून नेलं आणि आता आपल्यालाच पाण्याचं रेशन. आणि कँटरबरी हे जहाज कुठून येत असतं? शनीच्या कड्यांमधून बर्फ घेऊन. म्हणजे स्वतःच्या घरातलं पाणी विकलं गेलं आणि आता शनीवरून भरून आणा अशी अवस्था. वर हवेचे पैसे, पाण्याचे पैसे, आणि लहानपणापासून कमी ग्रॅव्हिटीत वाढल्यामुळे हाडं अशी झालेली की पृथ्वीवर नेऊन उभं केलं तरी तो छळ होतो. पृथ्वीच्या सरकारातल्या अवसरलाबाई पहिल्याच एपिसोडमध्ये एका बेल्टरला तसंच टांगून चौकशी करतात बघ, आणि त्या आपल्या आवडत्या! नऊवारी नाही पण साडी नेसून छळ.

हे सगळं असूनही बेल्टकडे एक गोष्ट होती. त्यांच्याशिवाय कोणाचं चालत नव्हतं. धातू, बर्फ, जहाजं चालवणारी माणसं सगळं तिकडचं. मग तिसऱ्या सीझनच्या शेवटी गेट उघडतात आणि तेराशेच्या वर ग्रह समोर येतात, हवा असलेले, पाणी असलेले, खणलं की धातू देणारे. आता मला सांग, अ‍ॅस्टेरॉइडमध्ये आयुष्यभर खाण खोदणाऱ्या माणसाचं काय? त्याला त्या ग्रहावर जाऊन राहता पण येत नाही कारण ग्रॅव्हिटी झेपत नाही. उद्यापासून त्याची गरजच नाही कोणाला. जुलूम परवडला असं वाटायला लावणारी ही गोष्ट आहे, कारण ज्याला पिळायचं असतं त्याला निदान जिवंत तरी ठेवावं लागतं.

मंगळाचं पण तेच झालं ना, शंभर वर्षं घालून ग्रह हिरवा करायचं स्वप्न आणि एका दिवसात ते फुकट, कारण आयता हिरवा ग्रह मिळतोय. तिथले नौदलवाले जहाजं विकून मोकळे झाले आणि ती जहाजं मार्कोने घेतली. त्याच्या दगडांना जो लपवणारा लेप होता तोपण मंगळाचाच माल.

म्हणजे जॉन्सन आणि डॉज म्हणत होते, थोडं थांबा, वाटाघाटी करतोय. आणि लोकांना दिसत होतं की थांबायला वेळच नाही उरलाय. अशा वेळी जो म्हणतो की आज, आत्ता, त्याचं ऐकलं जातं.

कोल्हापुरी_रॉकेट

भावा एवढं लांब कशाला, केस आणि भाषण. आमच्या गल्लीत यावरच मंडळाचा अध्यक्ष ठरतो 😂

सीरियसली पण, किऑन अलेक्झांडरने मार्कोचं काम एक नंबर केलंय. प्रत्येक वाक्य असं बोलतो जसं कोणीतरी शूट करतंय. आणि लोक त्याला वाईट अ‍ॅक्टिंग म्हणतात, अरे ते कॅरेक्टरच तसं आहे, तो चोवीस तास स्टेजवरच आहे.

लालबागकर

बर्फाची गाडी यांनी जे "गरजच नाही" लिहिलंय त्यावर दोन ओळी लिहायचा मोह आवरत नाही. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि सगळ्यांची समजूत हीच की आम्ही हात उचलला तर मुंबई थांबेल. मुंबई थांबली नाही. कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर निघत राहिलं आणि मालकांना जागेचा भाव कळला. वडील शेवटपर्यंत पगाराबद्दल फारसं बोलले नाहीत, बोलायचे ते एवढंच की आमच्यावाचून त्यांचं अडलं नाही. मालिकेत ते गेट उघडल्यावर सेरेसवरचे चेहरे दाखवलेत ना, मला ते ओळखीचे वाटले.

कोल्हापुरी_रॉकेट

काका मान्य, पण संपवाल्यांनी कोणावर दगड टाकले नव्हते. मार्कोची तुलना त्यांच्याशी नको.

लालबागकर

मार्कोशी नाही हो करत. त्याच्यामागे गेलेल्यांशी करतोय.

पानंउलटी

पुस्तकं वाचलेली कोणी नाही का अजून? बरं मग मी लिहिते, लांब होईल.

मार्कोचा भाग मुख्यतः दोन पुस्तकांत आहे, नेमेसिस गेम्स (२०१५) आणि बॅबिलन्स अ‍ॅशेस (२०१६). सिरीजमध्ये सहावा सीझन फक्त सहा एपिसोडचा मिळाला त्यामुळे दुसऱ्या पुस्तकातलं बरंच गळालं, आणि नेमकं तेच गळालंय ज्यात रात्रपाळीवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पुस्तकात फ्री नेव्ही (मार्कोचं बंडखोर आरमार) म्हणजे एकटा मार्को नाही. पाच जणांचं टोळकं आहे. मार्को, रोझेनफेल्ड, मिचियो पा, निको संजरानी आणि चक्क अँडरसन डॉज. हो, डॉज पण त्याच्याच बाजूला जातो! सिरीजमध्ये डॉजचं काम करणारा जॅरेड हॅरिस पुढे दिसलाच नाही त्यामुळे हे कळत नाही. म्हणजे तू जो म्हणतोस ना की जुनी जाणती माणसं सोडून लोक याच्यामागे का गेले, त्यातला एक जाणता माणूसच याच्यामागे गेला होता. त्याला वाटलं मी या पोराला वळण लावीन. प्रत्येक मुरलेल्या पुढाऱ्याला हेच वाटतं.

आता संजरानी. हा त्यांचा हिशेबनीस, पैशाचं आणि मालाचं गणित बघणारा. तो आकडे मांडून सांगत असतो की बाबांनो, बेल्ट अजून स्वतःच्या पायावर उभा नाही. अन्न पिकवायला लागणारी जिवंत माती, जंतू, औषधांचा कच्चा माल हे पृथ्वीवरून येतं, आणि पृथ्वी तुम्ही फोडलीत. गॅनिमीड ही शेतीची जागा होती ती आधीच एकदा उद्ध्वस्त झालीय. तर काही वर्षांत आपली वेगळी व्यवस्था उभी राहिली नाही तर आपण उपाशी मरू. मार्कोला हे ऐकून घ्यायचा कंटाळा येतो. अक्षरशः कंटाळा. त्याला पुढच्या हल्ल्याचं बोलायचं असतं. मला या माणसाची भीती दगड टाकताना नाही वाटली तेवढी या मीटिंगांमध्ये वाटली.

आणि मग सेरेस. पृथ्वी आणि मंगळाचं आरमार येतंय कळल्यावर मार्को सेरेस सोडून देतो. लढत नाही. स्टेशन धुवून काढतो, धान्य, औषधं, इंधन, सुटे भाग सगळं जहाजांवर चढवतो आणि लाखो बेल्टर तिथेच ठेवून निघून जातो. हिशेब असा की शत्रूने स्टेशन घेतलं की त्यांना खायला घालायची जबाबदारी शत्रूवर, तो त्यात अडकेल. डावपेच म्हणून हुशार आहे हो, नाही म्हणत नाही. पण ती माणसं कोणाची होती? ज्यांच्या नावाने सगळं चाललंय तीच माणसं त्याने शत्रूच्या गळ्यात बांधायचं ओझं म्हणून वापरली. आणि खायला कोणी घातलं तर अवसरलाबाईंनी.

मिचियो पा तिथेच फुटते. तिला काम दिलेलं असतं वसाहतींकडे जाणारी जहाजं पकडायची आणि तो माल बेल्टच्या लोकांना वाटायचा. ती ते मनापासून करते. मग मार्को सांगतो की वाटू नको, अंधारात लपवून ठेव, पुढे लागेल. ती म्हणते भुकेलेले लोक आज आहेत. आणि ती मार्कोच्या विरोधात जाऊन माल वाटत सुटते, मग मार्को तिच्यामागे जहाजं पाठवतो. सिरीजमध्ये हे सगळं ड्रमरला दिलंय, आणि तिचं काम करणाऱ्या कॅरा जीने त्याचं सोनं केलंय, त्याबद्दल तक्रार नाही.

माझ्या मते क्रांतिकारक कोण याचा निकाल त्या लुटलेल्या मालाच्या गोदामात लागतो. दोघांनी तीच जहाजं लुटली, तोच माल होता.

रात्रपाळीवाला

ताई हे वाचून अंगावर काटा आला. सीझन सहामध्ये सेरेस सोडल्याचं दाखवलंय पण मला ते नुसतं युद्धातलं माघार घेणं वाटलेलं. गोदामाचं डोक्यातच आलं नाही.

पण मग फ्रेड जॉन्सनचं काय? तो तर लोकांना खायला घालणारा, टायको स्टेशन नीट चालवणारा. त्याला बेल्टने मनापासून का नाही स्वीकारलं कधी?

बर्फाची_गाडी

कारण तो बेल्टर नाही ना! पृथ्वीचा माणूस, यूएनच्या मरीनमध्ये कर्नल. अँडरसन स्टेशनवर बेल्टर लोकांनी बंड केलं, ते शरण यायला तयार होते, पण त्यांचा संदेश वरच्यांनी त्याच्यापर्यंत पोचू दिला नाही आणि त्याने कत्तल केली. नंतर कळल्यावर तो सगळं सोडून याच लोकांच्या बाजूने उभा राहिला. माणूस म्हणून मला तो सगळ्यात मोठा वाटतो. पण "अँडरसन स्टेशनचा खाटीक" हे नाव काही पुसलं गेलं नाही. त्यात त्याचं राजकारण सगळं बंद खोलीतलं. यूएनशी बोलणी, मंगळाशी बोलणी, प्रोटोमॉलिक्यूलचा (परग्रहावरचा घातक पदार्थ) तुकडा लपवून ठेव आणि पत्ता म्हणून वापर. खालच्या माणसाला त्यातलं काय दिसणार? त्याला मार्को दिसतो, उघड चॅनेलवर, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्यासारख्या लांब हाडांचा.

पाचव्या सीझनचा चौथा एपिसोड बघ परत, त्याचं नाव गॉगामेला आहे. सिकंदराने दारियसला हरवलं ती लढाई. त्याच एपिसोडमध्ये दगड पडतात, जॉन्सन मारला जातो आणि मार्को भाषण करतो. पुस्तकात जॉन्सन असा मरत नाही बहुतेक, पानंउलटी सांगतील.

पानंउलटी

हो, पुस्तकात तो सहाव्या पुस्तकापर्यंत असतो आणि रोसिनांटेवर लढाईच्या वेळी जहाज जोरात पळवतात तेव्हा त्या जोराने स्ट्रोक येऊन जातो. गोळीबिळी नाही. मला ते जास्त लागलं, एवढा माणूस आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

भाषावेडी

इतका वेळ गप्प वाचत होते पण "स्वतःच्या भाषेत" वर राहवेना. मार्कोची निम्मी ताकद भाषेत आहे. सिरीजसाठी बेल्टर भाषा निक फार्मर नावाच्या भाषातज्ज्ञाने बनवली. त्यात "बेल्टालोडा" म्हणजे आपण बेल्टचे लोक, "इन्यालोडा" म्हणजे आतल्या ग्रहांवरचे ते. एक "लोडा" जोडला की आख्खा जमाव तयार. मार्को ते बेल्टालोडा किती वेळा आणि कसं ओढून म्हणतो ते ऐका, तोंडात खडीसाखर धरल्यासारखं.

आणि आपल्या लोकांसाठी गंमत म्हणजे "वेलवाला". ग्रॅव्हिटीच्या विहिरीला चिकटलेला, म्हणजे ग्रहवाल्यांची चाकरी करणारा, फितूर अशा अर्थाची शिवी आहे ती. सेरेसवर मिलर या डिटेक्टिव्हला हीच शिवी खावी लागते. तो "वाला" आपलाच, भाजीवाला दूधवाल्यातला! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पॉज करून घरच्यांना हाका मारल्या, कोणाला काही पडलेलं नव्हतं.

पण बघा ना, ज्या भाषेत फितुराला इतका सोपा शब्द आहे तिथे मार्कोचं काम किती सोपं झालं. प्रश्न विचारला की वेलवाला. ड्रमर वेलवाला, नेओमी वेलवाला, उपाशी आहे म्हटलं तरी वेलवाला. शेवटी सगळा बेल्ट वेलवाला आणि एकटा तो खरा बेल्टर.

कोल्हापुरी_रॉकेट

रात्रपाळीवाला, तुझं नाव पण बदलून घे मग 😂

स्क्रूड्रायव्हर_काका

राजकारण चालू द्या, मी फक्त एक सांगून जातो. सेरेस खरा आहे आणि १८०१ पासून माहीत आहे, व्यास सुमारे ९४० किमी. नासाचं डॉन यान २०१५ मध्ये तिथे पोचलं होतं. आता मालिकेत तो फिरवून आत ०.३ जी ग्रॅव्हिटी केलीय म्हणतात. त्यासाठी साधारण ४० मिनिटांत एक गिरकी लागेल (सध्या त्याला नऊ तास लागतात). त्याची स्वतःची ओढ पृथ्वीच्या जेमतेम तीन टक्के. म्हणजे बाहेर फेकणारा जोर दहापट आणि धरून ठेवणारा एकपट. मार्कोने सेरेस सोडायची गरजच नव्हती, तो आपोआप सुटला असता.

बर्फाची_गाडी

काका 🙏 दर धाग्यावर येऊन सेरेस फोडून जाता तुम्ही.

स्क्रूड्रायव्हर_काका

गणित आहे ते, मी काय करू. बाकी मिलर दारू ओततो तेव्हा धार वाकडी पडते ते मात्र बरोबर दाखवलंय, त्याबद्दल पैकीच्या पैकी.

पानंउलटी

मूळ विषयावर एक राहिलं. मार्को कसा आहे हे बेल्टला कळायच्या कितीतरी आधी एका माणसाला माहीत होतं, त्याच्या मुलाची, फिलिपची, आई नेओमी. तरुणपणी तिने लिहिलेला कोड वापरून त्याने एक जहाज उडवलं, ऑगस्टिन गमारा, आणि ती सोडून जायला निघाली तर मुलगा लपवून ठेवला. फिलिपला तिने टाकलं असं त्याला शिकवून मोठं केलं. आता हे आणि सेरेस शेजारी ठेवून बघा. घरात एकच पोर होतं तर ते ओलीस, आणि मग अख्खं स्टेशन.

म्हणून मला शेवट आवडतो. मार्को संपतो गेटमध्ये, नेओमीने काढलेल्या गणिताने, जहाजांचं वजन आणि ऊर्जा एका मर्यादेच्या वर गेली की आतलं जे काही आहे ते जहाजं गिळतं. त्याचा अंत बघायला प्रेक्षकच नाही! आणि फिलिप त्याआधीच उतरून गेलेला असतो, आईचं आडनाव लावून. तिला ते माहीतही नसतं, ती समजते आपण मुलाला पण मारलं. हे काय लिहिलंय या लोकांनी.

रात्रपाळीवाला

परत आलो. काल सुट्टी होती तर चौथ्या सीझनमधला तो निवाड्याचा सीन परत बघितला, गोदाम आणि वेलवाला दोन्ही डोक्यात ठेवून. तेव्हा जे भाषण मला पटलेलं ते आता ऐकलं तर एक गोष्ट लक्षात आली, तो बेल्टच्या हालांबद्दल सगळं बोलतो पण पुढे काय करायचं याबद्दल एक शब्द नाही. मला मारलंत तर काय होईल एवढंच सांगतो. आणि ड्रमर त्याला सोडायच्या बाजूने मत देते, तिचंच मत निर्णायक ठरतं. अ‍ॅशफोर्ड तिच्याकडे बघतो तो शॉट मी पहिल्या वेळी मोबाइल बघत घालवला होता बहुतेक. म्हाताऱ्याला कळलं होतं. शेवटी त्याचा पाठलाग करत गेला, पकडला गेला, एअरलॉकमध्ये गाणं म्हणत मेला पण जाता जाता मार्कोचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं.

कलीगला हे सगळं सांगितलं तर म्हणतो म्हणजे मी म्हणत होतो तेच ना, व्हिलन. डोकं धरलं मी. त्याला परत बर्फापासून समजावून सांगायला लागणार.

पानंउलटी ताई, पुस्तकं थेट पाचव्यापासून धरली तर चालतील का? सिरीज बघितलीच आहे.

पानंउलटी

नको रे. पहिलं लेव्हायथन वेक्स (२०११) घे. आधीची चार सोडलीस तर पाचव्यात दगड पडतात तेव्हा तुला काही वाटणार नाही. आणि नववं संपेपर्यंत या धाग्याकडे फिरकू नको, सहाव्यानंतरची तीन सिरीजमध्ये आलेलीच नाहीत, आणि मंगळाची जहाजं विकणारा खरा माणूस कोण होता ते तिथे येतं. मार्को त्याच्यापुढे पोरखेळ आहे.

रात्रपाळीवाला

नऊ पुस्तकं?? शिफ्ट वाढवून मागतो.